सातवा रकाना

४ मार्च

पेन दोनदा पडलं. तिसऱ्यांदा मीच टाकलं.

हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "उजव्या हातानं रोज काहीतरी लिहायचं. काहीही. कुणी वाचणार नाही." कुणी वाचणार नाही म्हटल्यावर बरं वाटलं. पण अक्षर! नवरा साइनबोर्ड रंगवतो. चाळीस वर्षं अक्षरांवरच पोट भरलंय. सगळे त्यांना पेंटर म्हणतात, वहीत मीही तेच म्हणणार. एरवी माझ्या सामानाच्या यादीतल्या वेलांट्या दुरुस्त करणारा माणूस. आज वहीत डोकावले आणि "छान आहे" म्हणाले. तेव्हा कळलं, प्रकरण गंभीर आहे.

६ मार्च

निसटायच्या आत लिहून ठेवते. दहा फेब्रुवारी, सकाळी सात-वीस. दात घासत होते, ब्रश पडला. उचलायला गेले तर हात ओळखच दाखवेना. मी पेंटरना हाक मारून सांगितलं की हात चालत नाही. निदान मला तरी वाटलं की मी तसं सांगितलं. प्रत्यक्षात म्हणाले, "कंगवा शिजलाय, झाकण काढा."

पेंटर हसले. उगाच काहीबाही बोलून त्यांना हसवायची माझी जुनी खोड. मी पुन्हा तेच म्हणाले, ते आणखी हसले. मग माझं तोंड एका बाजूला ओघळलेलं दिसलं आणि हसणं जागच्या जागी थांबलं.

शिडी बांधलेल्या व्हॅनमधून इस्पितळात नेलं. मागच्या सीटवर माझ्याशेजारी एक ओली पाटी होती — 'आत येताना दार लोटा'. तिचा लाल रंग माझ्या बाहीला लागला. एवढं मात्र स्वच्छ आठवतं.

मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी गुठळीनं बुजली होती. बोलणं दोन दिवसांत परत आलं. हात येतोय, रडतखडत.

९ मार्च

मेंदूच्या डॉक्टरबाईंकडे सगळे कागद घेऊन गेलो. त्या माझ्या लेकीच्या वयाच्या, डोळ्यांखाली काळं, बोलणं मात्र मिस्किल.

"मान, हृदय, रक्त, साखर — सगळं छान आहे तुमचं."

"मग मी इथे कशी?"

"तेच तर!"

डोक्याचं स्कॅन झालं. मानेतल्या रक्तवाहिन्या पाहिल्या, त्या चकचकीत. चोवीस तास छातीला वायरी लावून ठोके मोजले — एकही ठोका चुकला नाही. घशातून नळी उतरवून हृदय मागच्या बाजूनं पाहिलं, दंडातून बुडबुडे सोडले. हृदयाच्या पडद्याला भोक असेल तर ते पलीकडे निसटताना दिसतात म्हणे. माझे बुडबुडे मुकाट्यानं ठरलेल्या वाटेनं गेले. रक्तदाब तेवढा जरा वरच्या अंगाला. इतकी निर्दोष बाई मी आयुष्यात पाहिली नव्हती!

शेवटी कागदावर लिहिलं: 'स्ट्रोक. कारण अज्ञात.'

"चारातल्या एखाद्याचं असंच होतं," त्या म्हणाल्या. "गुठळी कुठून तरी येते. आम्ही पोहोचेपर्यंत ती जागा साळसूद होऊन बसलेली असते."

पण मला? मला 'कारण अज्ञात'? एकोणीस वर्षं लिफ्ट कंपनीत बिघाड तपासते मी! बिघाड अहवालात सातवा रकाना 'मूळ कारण' हा आहे. त्यात 'अज्ञात' लिहून एकही लिफ्ट पुन्हा चालू करायची नाही, हा नियम मी स्वतः भांडून करून घेतलाय. सातवा रकाना रिकामा म्हणजे लिफ्टला कुलूप.

१६ मार्च

घरात पाट्या उगवू लागल्या आहेत.

पेंटरना डॉक्टरांचं पटलेलं नाही. कारण कुणालाच माहीत नाही ना, मग सगळंच बंद! बेसिनवर: 'मान मागे टाकून केस धुऊ नयेत'. पलंगावर: 'उशी एकच'. दारामागे: 'आधी बसा, मग उठा'. स्वयंपाकघरात, दोन रंगांत, खाली सावली देऊन: 'रागावण्यास सक्त मनाई'. सिलिंडर आणणारा माणूस ती वाचून दबक्या आवाजात सही मागत होता.

अक्षरं अर्थातच देखणी. पण ऑइलपेंट सोडून पाण्यातल्या रंगानं लिहिलेली, आणि तीही गच्चीवर बसून. का, ते विचारलं नाही.

१७ मार्च

शिंकले. पेंटर पाटी करायला उठले.

२३ मार्च

वन्सं आल्या. पेंटरांची थोरली बहीण. चप्पल काढायच्या आत निदान केलं: "लिफ्ट! दिवसातून चाळीस वेळा वर-खाली. माणूस वर जातो, रक्त खालीच राहतं. मग ते धावत येतं आणि धडकतं."

मी म्हटलं, "वन्सं, मग लिफ्टमनचं काय होत असेल?"

"ते बसलेले असतात," वन्सं म्हणाल्या.

पाटीकडे बघून राग गिळला.

८ एप्रिल

डॉक्टरबाईंनी कामावर जायला हरकत नाही असं लिहून दिलं. उड्याच मारायच्या बाकी होत्या! आधी बसले, मग उठले, आणि ऑफिसात गेले.

कामगार विभागातल्या हेडक्लार्कनं कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. "मॅडम, आजारपणानंतर रुजू व्हायचा फॉर्म आपला तोच आहे. बिघाड अहवालाचा. फक्त वरचं 'लिफ्ट क्रमांक' खोडून 'कर्मचारी क्रमांक' करतो."

"बरं मग?"

"रकाना सात."

"त्यात लिहिलंय ना!"

"'अज्ञात' लिहिलंय." त्यांचा चेहरा पडला होता. बिचाऱ्यांना खरंच वाईट वाटत होतं. "मॅडम, नियम तुमचाच आहे. तुम्हालाच कसा मोडून देऊ?"

११ एप्रिल

फॉर्म परत आला. माझ्या जागी सध्या धाकटी तपासनीस बसते. मीच तयार केली तिला, बोट धरून. तिनं सातव्या रकान्यावर लाल शाईनं शेरा मारलाय: '"अज्ञात" हे कारण नव्हे, तो तपासनिसाचा आळस आहे.'

हे वाक्य माझं आहे. पहिल्या दिवशी तिला ऐकवलं होतं, चारचौघांत.

रागही आला आणि ऊरही भरून आला. पोरगी शिकली!

१९ एप्रिल

ठरवलं, तपास आपणच करायचा. नियम पहिला: बिघाड झाला त्या जागी, त्याच वेळी, सगळं जसंच्या तसं पुन्हा घडवून पाहायचं.

सकाळी सात-वीस. मी बेसिनपाशी. पेंटर दाढीचा साबण तोंडाला लावून खुर्चीत, तेव्हा होते तसे. घड्याळ, टॉवेल, ब्रश, सगळं जागच्या जागी. मी ब्रश टाकला. म्हटलं, "कंगवा शिजलाय, झाकण काढा. आता हसा."

पेंटर खाली पडलेल्या ब्रशकडे बघत राहिले.

"अहो, हसा ना! तुम्ही हसला होतात."

"नाही येत."

"तपास आहे हा. दोनदा हसलात. पहिल्यांदा थोडं, दुसऱ्यांदा जास्त."

तोंडाला साबण तसाच आणि डोळ्यांतून पाणी. म्हणाले, "तू मदत मागत होतीस गं. आणि मी हसत होतो." मग साबण पुसायचा सोडून सगळं बाहेर पडलं. आदल्या संध्याकाळी ती 'दार लोटा'ची पाटी त्यांनी हॉलमध्ये रंगवली होती, खिडक्या लावून, थिनरचा वास घरभर. मी खोकले होते, तरी म्हणाले होते, "एवढ्यानं काही होत नाही."

"कारण अज्ञात नाहीये," म्हणाले. "मी आहे."

२० एप्रिल

डॉक्टरबाईंना फोन करून विचारलं. म्हणाल्या, तासाभराच्या वासानं असं होत नाही. पेंटरनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग कशानं?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "ते माहीत नाही." पेंटर माझ्याकडे बघून म्हणाले, "बघ."

ज्याला खरं कारण माहीत नाही, त्यानं दुसरं कारण खोटं म्हणू नये — हेही मीच शिकवत आलेय लोकांना!

२६ एप्रिल

पेंटरनी वर्कशॉप बंद केलंय. मला बाहेरून कळलं. ऑइलपेंटचे डबे वाटून टाकले, मोठे ब्रश कुणा ओळखीच्याला देऊन आले. शाळेच्या इमारतीवरचं नाव लिहायचं काम चालून आलं होतं, त्याला नाही म्हणाले. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी! या माणसाला रंगवल्याशिवाय जेवण जात नाही. आता गच्चीवर बसून माझ्यासाठी 'शिंक आवरा' लिहितात आणि खाली येऊन माझ्या तोंडाकडे बघत बसतात, ओघळतंय का म्हणून.

मला कारण हवंय. आता फॉर्मसाठी नाही. मला यांना सोडवायचंय.

१८ मे

हृदयाचे डॉक्टर वेगळे. उंच, घाईतले, पण ऐकून घेतात. म्हणाले, "काही हृदयं अधूनमधूनच लय सोडतात. महिन्यातून एकदा, तासभर. आलेख काढायला घ्यावा तर अगदी शहाण्यासारखी वागतात."

मी खुर्चीतून पुढे सरकले. अधूनमधून येणारा बिघाड! मेकॅनिक पोहोचला की लिफ्ट गुण्यागोविंदानं चालते आणि त्याची पाठ वळली की अडकते. आमच्या अख्ख्या धंद्याचा शत्रू तो.

"अशा लिफ्टला आम्ही नोंद यंत्र लावून ठेवतो," मी म्हटलं. "महिनोन् महिने."

"आम्हीही," ते म्हणाले.

काडेपेटीतल्या काडीहून जरा जाड, तेवढंच लांब. छातीच्या कातडीखाली बसतं. तीन वर्षं प्रत्येक ठोका बघतं आणि पलंगाशेजारच्या डबीमार्फत इस्पितळाला कळवतं.

"आणि ते सापडेपर्यंत काय टाळायचं?"

"रक्तदाब वाढू द्यायचा नाही. रक्त पातळ ठेवायची गोळी, चरबीची गोळी, रोज चालणं, मीठ कमी. कारण माहीत नसलं तरी एवढं तर हातात आहे. उशीचं मला माहीत नाही," ते पेंटरांकडे बघून म्हणाले. पेंटर त्यांना पाट्यांची यादी दाखवत होते.

२ जून

यंत्र बसलं. दहा मिनिटांचं काम. पेंटरनी पाटी करून आणली: 'आत काम चालू आहे'. ही मात्र मी कपाटाला लावू दिली.

१४ जुलै

यंत्र गप्प. दीड महिना गप्प. हृदय सरळ चाललंय ही आनंदाची बातमी, आणि मी रोज सकाळी हिरमुसते. स्वतःच्या हृदयानं जरा वाकडं चालावं म्हणून वाट बघणारी बाई मी एकटीच असेन.

२३ जुलै

जुन्या इमारतीतल्या सहाव्या मजल्यावरच्या घड्याळवाल्या आजोबांचा फोन. त्यांची लिफ्ट आम्ही 'रुसकी' म्हणतो. तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबते, वाटेल तेव्हा. तिला जानेवारीत मीच कुलूप लावलं. नोंद यंत्र लावलेलं आहेच. तंत्रज्ञ आठवड्यातून एकदा रिकामी चालवून बघतात, ती निमूट चालते. कारण सापडलेलं नाही.

"बाई, माझं वय चौऱ्याऐंशी. सात महिने जिने चढतोय. तुमचं कारण सापडेपर्यंत मी आहे का?"

"आजोबा, मध्येच अडकलात तर?"

"तर आत एक खुर्ची ठेवा, एक फोन ठेवा. बसेन मी. माझ्याकडेही घड्याळं येतात की, कुठे काही मोडलेलं नसतं तरी थांबणारी. म्हणून मी ती कपाटात कोंडतो का? साफ करतो, तेल देतो, समोर लावतो आणि नजर ठेवतो."

फोन ठेवला. मग खूप वेळ त्या 'उशी एकच' पाटीकडे बघत बसले. मी सात महिने एका म्हाताऱ्या माणसाला जिने चढायला लावले, कारण माझा रकाना रिकामा होता. आणि मला घरात बसवलं म्हणून कुरकुरतेय!

५ सप्टेंबर

धाकटी घरी आली. आधी रडली. मी म्हटलं, पाटी वाच. रडण्यास मनाई नाही, रागावण्यास आहे. मग दोघी टेबलाशी बसलो. नियम बदलायचा तर सेवेतल्या तपासनिसाची सही लागते आणि मी तर सेवेत नाही. तेव्हा मी सांगायचं, तिनं लिहायचं. तीन तास वाद घातला. मजा आली!

नवा रकाना सात (अ): 'कारण अजून सापडलेलं नाही. तोपर्यंत काय काळजी घेणार, आणि नजर कोण ठेवणार?' तो भरल्याशिवाय पुढे जायचं नाही.

"मॅडम, 'अजून' हा शब्द हवाच का?"

"तोच तर हवाय. बाकीचं खोडलंस तरी चालेल."

पेंटर चहा घेऊन आले. नवा रकाना वाचला. "म्हणजे माझं नाव तिथे नाही," म्हणाले. मी म्हटलं, "नाहीच. कधी नव्हतं." त्यांनी मान डोलावली, पण पटलं नाही. मला कळतं ना!

२२ सप्टेंबर

कामावर रुजू! पहिला अहवाल रुसकीचा. सात (अ): आत खुर्ची, फोन, आठवड्याला तपासणी, नोंद यंत्र चालूच. सही केली. अक्षर अजून वेडंवाकडं, पण माझं.

आजोबा तिसऱ्या-चौथ्याच्या मधून सुखरूप वर गेले. जरा नाराज दिसले. खुर्चीत बसायला मिळालं नाही!

११ ऑक्टोबर

वन्संच्या डोळ्याचं ऑपरेशन. पेंटर उद्यापासून चार दिवस त्यांच्या गावी. जाताना सतरा सूचना दिल्या. मी म्हटलं, "तोंडी सांगू नका, पाट्या आहेत."

१४ ऑक्टोबर

रविवार. घरी एकटी. खिडकी उघडी, पाय वर, शब्दकोडं पूर्ण सुटलं. दुपारभर नुसती लोळले. असे दिवस वरचेवर मिळोत. आज काहीही झालं नाही.

१६ ऑक्टोबर

पेंटर काल परतले. आल्या आल्या आधी माझं तोंड पाहिलं, मग चपला काढल्या. वन्सं इस्पितळात दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत लिफ्टनं गेल्या म्हणे! बसून.

शाळेवाल्यांनी पुन्हा विचारलं. पेंटर पुन्हा नाही म्हणाले.

१८ ऑक्टोबर

सकाळी हृदयाच्या डॉक्टरांचा फोन. सापडलं! वरचे कप्पे लय सोडून नुसते थरथरत होते. तेव्हा रक्त आत साचून राहतं आणि गुठळी धरते. "बहुतेक फेब्रुवारीतही हेच झालं असणार," म्हणाले. आजपासून गोळी बदलली, जास्त जोराची.

"कधी झालं?"

"चौदा तारखेला. दुपारी सव्वातीन ते पाच वाजून सात मिनिटं. काही जाणवलं होतं का?"

वही काढली. पेंटरना समोर बसवून वाचून दाखवलं. खिडकी उघडी. लोळले. आज काहीही झालं नाही.

"चौदाला मी इथे नव्हतो," पेंटर म्हणाले. वहीतली तारीख स्वतः पाहिली आणि पुन्हा म्हणाले, "मी नव्हतोच गं इथे."

मी म्हटलं, "कंगवा शिजलाय, झाकण काढा."

त्यांनी झटकन माझ्या तोंडाकडे पाहिलं. सरळ आहे याची खात्री करून घेतली. आणि मग हसले.